नवा डिटेक्टर लावला तरी बीप थांबत नाही: ड्राइव्ह-थ्रू इंटरकॉमच्या लूपची तपासणी

लेन रिकामी, तरी हेडसेटमध्ये गाडी आल्याचा बीप. किंवा उलट: मेनू बोर्डासमोर गाडीवाला हॉर्न वाजवतोय आणि आत कुणाला पत्ताच नाही. मुंबईत जूनमधल्या पहिल्या दमदार पावसानंतर ही तक्रार हमखास सुरू होते. मग डिटेक्टर, म्हणजे गाडी आल्याचं ओळखणारा डबा, बदलला जातो, चार दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच. बिघाड बहुतेक वेळा डब्यात नसतो, जमिनीत पुरलेल्या तारेच्या लूपमध्ये असतो. डबा बदलायला सोपा, म्हणून बळी त्याचा जातो. त्यात बदलताना वायरिंगची एखादी चूक झाली की जुन्या दोषावर नवा दोष चढतो आणि मग नेमकं काय बिघडलंय तेच कळेनासं होतं.

आधी लक्षण नीट पकडा

बीप सतत चालू, लेन रिकामी: डिटेक्टर नुकताच बदलला असेल तर बहुधा कॉन्टॅक्ट उलटे जोडलेत. बदललेला नसेल तर बहुधा लूप तुटलाय.

बीप अधूनमधून, पावसात जास्त, दुपारी ऊन पडलं की गायब: जॉइंटमध्ये किंवा लूपच्या तारेत पाणी.

बीप येतो, पण गाडी उभी असतानाच माइक बंद पडतो: डिटेक्टर पल्सवर (क्षणभराच्या संकेतावर) आहे, किंवा गाडीची उपस्थिती धरून ठेवायची त्याची वेळमर्यादा संपतेय.

एकाच गाडीला दोन बीप: उंच चेसिसची गाडी, किंवा रिले (डिटेक्टरमधला विजेवर चालणारा स्विच) गाडी येताना आणि जाताना असा दोनदा वाजतोय.

कार पकडली जाते, स्कूटर पकडली जात नाही: सेन्सिटिव्हिटी, आणि स्कूटर नेमकी कुठे उभी राहते ती जागा.

शेजारच्या लेनमध्ये गाडी आली की इकडे बीप: दोन लूप एकाच वारंवारतेवर.

हे लक्षण कागदावर लिहा, वेळ आणि हवामानासकट. 'कधी कधी होतं' एवढ्यावर कुणालाच काही शोधता येत नाही.

यामागचं तत्त्व दोन ओळींत. जमिनीत तारेचे चार-पाच वेढे पुरलेले असतात, तो लूप. बहुतेक डिटेक्टर त्यातून २० ते १५० किलोहर्ट्झच्या दरम्यानचा प्रवाह खेळवतात. वर गाडीचा पत्रा आला की त्या पत्र्यात भोवरी प्रवाह तयार होतात, लूपचं इंडक्टन्स किंचित घटतं, वारंवारता किंचित वाढते, आणि हा फरक पकडून डिटेक्टर रिले चालवतो. गाडीच्या वजनाचा यात काही संबंध नाही. डिटेक्टर फक्त फरक बघतो, म्हणून लूपशेजारी स्थिर पडलेलं लोखंड त्रास देत नाही, हलणारं देतं.

१. लेन रिकामी करून रीसेट

फुकटची तपासणी, आणि सगळ्यात जास्त वेळा विसरली जाणारी. डिटेक्टर सुरू होताना लूपची त्या क्षणाची स्थिती 'रिकामी' म्हणून शिकून घेतो. त्या क्षणी वर गाडी उभी असेल तर गाडीच त्याच्या दृष्टीने रिकामी लेन ठरते. मॉलच्या आवारात वीज जनरेटरवर जाताना दिवे क्षणभर मिचकावतात, तेवढ्यात हे घडतं. लेन अडवा, लूपपासून दोन-तीन मीटरपर्यंत काही नाही याची खात्री करा, मग रीसेटचं बटण दाबा किंवा सप्लाय दहा सेकंद बंद करून चालू करा. काही मॉडेलचा दिवा यानंतर ठरावीक वेळा मिचकावून वारंवारता सांगतो. तो आकडा लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतो.

एवढ्याने प्रश्न सुटला आणि महिन्याभरात पुन्हा आला, तर डिटेक्टरचा सप्लाय बिलिंगच्या यूपीएसवर घ्या. त्याला वीज नगण्य लागते.

२. लेनवर जाऊन बघा

पेवर ब्लॉक असतील तर लूपवर उभं राहून एका पायाने जोर द्या. ब्लॉक डुगडुगत असेल, फटीतली वाळू वाहून गेली असेल, तर खालची तार रोज घासली जातेय. डांबरी किंवा काँक्रीटच्या लेनमध्ये कटरने पाडलेली खाच शोधा. तिच्यातलं सीलंट उकलून वर आलंय का? काळी तार उघडी दिसतेय का? कोपऱ्यांकडे खास लक्ष द्या, कारण तार तिथेच आधी तुटते.

मग लोखंड. पावसाळी गटाराची जाळी, चेंबरचं झाकण, उंची अडवणारा लोंबता दांडा. गाडी गेल्यावर जाळी खडखडत असेल आणि ती लूपपासून मीटरभराच्या आत असेल, तर ती बीप देऊ शकते. जाळीखाली रबर घालून ती घट्ट बसवा, खर्च किरकोळ आहे.

मेनू बोर्डाचा एलईडी सप्लायही संशयित. बीप येत असतानाच बोर्ड बंद करून दहा मिनिटं बघा. बीप थांबला तर लूपची तार आणि बोर्डाची केबल एकाच पाइपातून गेली आहे असं समजा आणि त्या वेगळ्या करा.

३. आतल्या दोन तारा टेकवा

ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि प्रश्नाचे सरळ दोन तुकडे करते. डिटेक्टरच्या रिलेतून इंटरकॉमच्या बेस युनिटकडे (आतल्या मुख्य डब्याकडे) जाणाऱ्या दोन तारा डिटेक्टरच्या बाजूने सोडा. मोकळ्या ठेवल्या की हेडसेट शांत, एकमेकींना टेकवल्या की बीप, टेकवून ठेवल्या तोवर माइक चालू: असं होत असेल तर इंटरकॉम ठणठणीत आहे, दोष डिटेक्टर किंवा लूपमध्ये. तारा मोकळ्या असूनही बीप येत असेल, तर बेस युनिटमध्ये गाडी-संकेताची सेटिंग उलटी आहे किंवा मधली केबल कुठेतरी शॉर्ट झाली आहे. टेकवूनही बीप नसेल तर केबल तुटली आहे, किंवा बेस युनिट अजून आतल्या डिटेक्टर कार्डाकडेच बघतंय. आतलं कार्ड काढून बाहेरचा डिटेक्टर लावला की बऱ्याच युनिटमध्ये जंपर (बोर्डावरची छोटी जोडपिन) किंवा मेनूतला पर्याय बदलावा लागतो. तो राहून गेला तर कितीही डिटेक्टर आणा, चालणार नाहीत.

४. नव्या डिटेक्टरचं वायरिंग

इथे घाई महागात पडते. जुना डिटेक्टर अजून काढला नसेल तर आधी मोबाइलवर फोटो, मग प्रत्येक तारेला पांढऱ्या टेपचा तुकडा आणि त्यावर खूण: सप्लाय, लूप, रिले, अर्थ. एमसीबी बंद करा आणि टेस्टरने खात्री करून घ्या.

अकरा पिनांचा गोल बेस बऱ्याच कंपन्या वापरतात, पण कुठल्या पिनेवर काय हे सगळ्यांचं सारखं नसतं. नवा डिटेक्टर जुन्या बेसमध्ये अलगद बसतो, म्हणून तो तसाच खोचून एमसीबी वर केला, की एखाद्या वेळी २३० व्होल्ट थेट रिलेच्या कॉन्टॅक्टवर जातात आणि तिथून इंटरकॉमच्या बोर्डावर. डिटेक्टर तर जातोच, महाग बोर्डही जातो. डब्याच्या कुशीवर छापलेला नकाशा बेसवरच्या आकड्यांशी एकेक करून ताडा. सप्लायचा व्होल्टेजही वाचा: एकाच मॉडेलचे २३०, २४ आणि १२ व्होल्टचे प्रकार मिळतात आणि बाहेरून सारखेच दिसतात.

लूपच्या दोन तारांना प्लस-मायनस नाही, कशाही जोडल्या तरी चालतात. मात्र डिटेक्टरपासून लेनपर्यंतची ही जोडी एकमेकींना पिळलेली हवी, मीटरला किमान १५ ते २० पीळ. बॉक्सच्या आत हातभर तार उलगडून मोकळी सोडलेली दिसते, ती सुद्धा पिळा. न पिळलेली जोडी आजूबाजूचा सगळा गोंगाट गोळा करते, आणि हलली तर लूपचाच भाग असल्यासारखी वागते. जास्तीच्या तारेचं वेटोळं करून बॉक्समध्ये कोंबू नका, ती कापून टाका.

आता रिले. इंटरकॉमला बहुधा ड्राय कॉन्टॅक्ट लागतो, म्हणजे नुसतं जोडणं-तोडणं, व्होल्टेज नाही. डिटेक्टरवर कॉमन, एनओ (एरवी उघडं) आणि एनसी (एरवी जुळलेलं) अशी तीन टोकं असतात. घोळ असा की छापलेलं एनओ-एनसी सहसा रिलेला वीज नसतानाचं असतं. काही डिटेक्टरचा रिले लेन रिकामी असताना ओढलेला असतो आणि गाडी आल्यावर सुटतो, म्हणजे वीज गेली किंवा लूप तुटला तरी 'गाडी आहे' असाच निरोप जातो. बूम बॅरिअरसाठी हे अगदी योग्य, दांडा गाडीच्या टपावर पडू नये म्हणून. आपल्याकडे सुटे मिळणारे बरेचसे डिटेक्टर सोसायट्यांच्या आणि पार्किंगच्या बॅरिअरसाठीच आणलेले असतात, त्यामुळे हा प्रकार हाती येण्याची शक्यता मोठी. इंटरकॉमवर तो एनओला जोडला की रिकाम्या लेनमध्ये अखंड बीप.

म्हणून छापलेल्यावर विसंबू नका. इंटरकॉमच्या तारा न जोडता डिटेक्टर चालू करा, मल्टिमीटर बझरवर ठेवा. रिकाम्या लेनमध्ये ज्या दोन टोकांवर बझर गप्प राहतो आणि गाडी आल्यावर वाजतो, ती तुमची टोकं. नावं काहीही असोत. रिलेऐवजी ट्रान्झिस्टर आउटपुट असलेल्या मॉडेलला मात्र प्लस-मायनस असतो, आणि तिथे बझरची ही चाचणी फसवी ठरू शकते. त्याचं माहितीपत्रक वाचूनच जोडा.

आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून स्पीकरचा खांब उजव्या हाताला. अमेरिकी सिस्टिमच्या नकाशात सगळं आरशातल्यासारखं उलटं असतं. तारांचे रंग त्या नकाशावरून ठरवायला हरकत नाही, लूपची जागा मात्र नाही.

५. डिप स्विच

डिप स्विच म्हणजे डिटेक्टरवरच्या छोट्या स्विचांची ओळ. जुन्यावरची मांडणी नव्यावर तशीच उतरवून उपयोग नाही, स्विचचे क्रमांक बदललेले असतात. चार गोष्टी बघा.

आउटपुट पल्सवर नको, उपस्थितीवर हवा. गाडी उभी आहे तोवर माइक उघडा राहणं त्यावरच अवलंबून आहे. उपस्थितीला वेळमर्यादा असेल तर ती कायमस्वरूपीवर ठेवा. रविवारी संध्याकाळी रांग दहा-पंधरा मिनिटं हलत नाही, आणि मर्यादा संपली की डिटेक्टर त्या गाडीला विसरून जातो.

सेन्सिटिव्हिटी मधल्या पायरीपासून सुरू करा. स्कूटर पकडत नाही म्हणून ती थेट टोकाला नेली की शेजारच्या लेनची कारही पकडली जाते. स्कूटरचा बराचसा भाग प्लॅस्टिक, पकडायला चाकाची रिम आणि इंजिन तेवढंच. चाक तारेच्या रेषेवर असेल तर ती सहज पकडली जाते, लूपच्या मधोमध असेल तर कमी, बाहेर असेल तर नाहीच. दुचाकीवाला बोलायला सोपं म्हणून खांबाला चिकटून थांबतो, म्हणजे बहुधा लूपच्या बाहेर. अशा वेळी रस्त्यावर पिवळ्या रंगाने चाक ठेवायची रेघ मारणं हा सेन्सिटिव्हिटीपेक्षा चांगला उपाय आहे.

उंच टेम्पोला दोन बीप येत असतील तर सेन्सिटिव्हिटी बूस्ट चालू करा: गाडी एकदा पकडली की ती जाईपर्यंत डिटेक्टर जास्त तीव्रतेने ऐकतो, त्यामुळे दोन आसांमधल्या पोकळीत गाडी हरवत नाही. दोन लेन असतील तर दोन्ही डिटेक्टरच्या वारंवारता वेगळ्या ठेवा. दर बदलानंतर रिकाम्या लेनवर रीसेट.

६. मल्टिमीटरने लूप

लूपची दोन्ही टोकं डिटेक्टरमधून सोडा. मीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा आधी लिहा, नंतर तो वजा करायचा आहे.

दीड मीटर लांब, अर्धा मीटर रुंद लूपचा परिघ चार मीटर. पाच वेढ्यांची २० मीटर तार, शिवाय १५ मीटर दूरच्या बॉक्सपर्यंत जाऊन-येऊन ३० मीटर. १.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १२ ओहम, म्हणजे या ५० मीटरला ०.६ ओहम. तुमच्या अंतरानुसार हा हिशेब करा. मीटरवर त्याच्या आसपास आकडा आला तर लूप सलग आहे. चार-पाच ओहमच्या वर गेला तर कुठेतरी गंजलेला जॉइंट आहे. काहीच वाचन नसेल तर तार तुटली.

आकडा बरोबर आला तरी लगेच थांबू नका. मीटर जोडलेला ठेवून कुणाला तरी लूपवरून कार अगदी हळू पुढे-मागे न्यायला सांगा. चाक एखाद्या जागी आलं की ०.६ चा २ होतो, पुन्हा ०.६: त्याच जागी तार आतून तुटून नुसती टेकलेली आहे. नवा डिटेक्टर चार दिवस चालून पुन्हा बिघडण्यामागे अनेकदा हेच असतं.

७. खोक्यावरचा लूप

डिटेक्टर चांगला की वाईट हा वाद इथे मिटतो. लोहार चाळीतून १.५ चौरस मिमीची २२ मीटर साधी तार आणा. साठ सेंटिमीटर बाजूच्या पुठ्ठ्याच्या खोक्याभोवती आठ वेढे घट्ट गुंडाळा, टेपने बांधा, उरलेली टोकं पिळून लूपच्या जागी जोडा. खोकं लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या टेबलावर ठेवा, स्टीलच्या ओट्यावर नको. रीसेट करा. आता किचनमधला स्टीलचा मोठा ट्रे आडवा धरून वरून खोक्याजवळ आणा. रिले टक् करून वाजला, ट्रे बाजूला घेतल्यावर पुन्हा टक् झालं, आणि असं दहापैकी दहा वेळा झालं, तर डिटेक्टर चांगला आहे. तो तासभर तसाच चालू ठेवा. तासाभरात आपोआप एकही बीप आला नाही, तर दोष बाहेरच्या लूपमध्येच आहे आणि दुसरा डिटेक्टर मागवायची गरज नाही.

८. जॉइंट आणि मेगर

खांबाच्या बुडाशी झाकण उघडा. लूपची तार आणि आत जाणारी केबल बहुतेक ठिकाणी तिथेच जोडलेली असते, आणि ती नुसती पिळून काळ्या टेपने गुंडाळलेली असेल तर टेप काढून बघा. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत टेपचा चिकटा सुटतो, आत तांबं हिरवं पडलेलं दिसतं. हिरवा भाग कापा, चकचकीत तांबं येईपर्यंत तार सोला, सोल्डर करा, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (तापवली की आक्रसणारी) नळी चढवा. दोन तारांचे जॉइंट एकमेकांसमोर न ठेवता दोन-तीन इंच मागे-पुढे ठेवा. ही नळी आणि बेस लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. जॉइंट झाकणाच्या वरच्या अंगाला बांधा, खाली पाण्यात लोंबू देऊ नका.

त्यानंतर लूप ते अर्थ ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) मोजा. लूपची दोन्ही टोकं डिटेक्टरमधून सोडलेली असलीच पाहिजेत, नाहीतर मेगर डिटेक्टरच जाळेल. १० मेगाओहमच्या वर आलं तर उत्तम. एकच्या खाली आलं तर तारेचं इन्सुलेशन फाटलंय. हे मोजमाप पावसाच्या दिवशी करा. मे महिन्यात कोरड्या जमिनीत खराब लूपही छान आकडा दाखवतो.

कुठे थांबायचं

बॉक्समध्ये पाणी शिरलंय आणि त्यात २३० व्होल्ट आहेत, किंवा आरसीसीबी (विजेची गळती झाली की सप्लाय तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडतोय, तर पुढे हात लावू नका. परवानाधारक वायरमन बोलवा. आरसीसीबी बायपास करून 'चालवून घेणं' हा उपाय नाही, लेनमध्ये माणसं भिजलेल्या पायांनी उभी असतात.

तिसऱ्या तपासणीत इंटरकॉमच दोषी ठरला तर बेस युनिट उघडू नका, ते सेवा देणाऱ्याचं काम.

लूप तुटला किंवा मेगरवर नापास झाला तर नवा लूपच घालावा लागतो. तुटलेल्या जागी खणून जॉइंट मारणं टिकत नाही. नव्या लूपला तार सलग हवी, मधे जॉइंट नको. हे काम खाच कापायची मशीन असलेल्या कंत्राटदाराला द्या, पण त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते माहीत असू द्या: खाच ४० मिमीच्या आसपास खोल, कोपरे ४५ अंशांत कापलेले, आत धूळ आणि ओल नाही, तार खाली दाबून बसवलेली, वर लवचीक सीलंट. चार मीटर परिघाला चार-पाच वेढे. खाली सळ्यांची जाळी असेल तर तार तिच्यापासून किमान पाच सेंटिमीटर वर आणि एखाद-दोन वेढे जास्त. पेवर ब्लॉकखाली घालायचा तर तार पीव्हीसी पाइपात, कारण ब्लॉक हलणारच. लेन तळघराच्या स्लॅबवर असेल तर कटर लावण्याआधी इमारतीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. तिथे सळ्या आणि वॉटरप्रूफिंग दोन्ही धोक्यात येतात, आणि गळतीचं बिल लूपच्या कितीतरी पट असतं.

भर पावसात खाच कापू नका, ओल्या खाचेत सीलंट धरत नाही. तीन-चार दिवसांची उघडीप मिळेपर्यंत तिसऱ्या तपासणीतल्या त्या दोन तारांना एक साधा टॉगल स्विच लावून ऑर्डर घेणाऱ्याच्या हाताशी ठेवा. कॅमेऱ्यात गाडी दिसली की चालू, पुढे गेली की बंद. बेलचं बटण लावू नका, त्यावरून बोट उचललं की माइक बंद होतो.